टी-शर्ट वाटण्याआधी दोन तास द्या

पोस्ट मोठी आहे, पण आपल्या जिल्ह्याची आहे, वेळ काढून वाचा.

पाठीवर "पोलीस मित्र" छापलेले एकतीस टी-शर्ट सध्या आमच्या दहावीच्या बॅचकडं आहेत. मागच्या आठवड्यात ग्रुपवर विषय निघाला की अजून पन्नास छापायचे आणि आमच्या पुढच्या-मागच्या बॅचच्या पोरांनाही सामील करून घ्यायचं. पैसे जमासुद्धा झाले. मी एकट्यानं थांबा म्हटलं. त्यावरून दोन दिवस ग्रुपवर बरंच वाजलं. "तू पोलिसांच्या विरोधात गेलास का?" इथपर्यंत मजल गेली. ग्रुपवर तुकड्या-तुकड्यात काय लिहिलं ते कुणी धड वाचलं नाही, म्हणून इथं सलग लिहितोय. टी-शर्ट छापायला माझा विरोध नाही. छापले की लगेच वाटून मोकळं व्हायला आहे.

ज्यांना आमची बॅच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही १९९८ साली तुळजापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेतून दहावी झालो. त्यातले निम्मे गावात आणि आसपास, बाकीचे पुणे, सोलापूर, हैदराबाद, एक अमेरिकेत. गेट-टुगेदर झालं, ग्रुप झाला, सुप्रभातचे फोटो सुरू झाले. नुसती फुलं पाठवून कंटाळा आल्यावर एकानं नवरात्रात बंदोबस्ताला मदत करायचं काढलं, आणि ते मात्र जमलं. बॅचमधले दोघं पोलीस खात्यात आहेत (आपल्या जिल्ह्यात नाहीत), त्यामुळं बारा-बारा, सोळा-सोळा तास उभं राहणं काय असतं ते आम्हाला घरातलं माहीत होतं.

तुळजापूरचं नवरात्र बाहेरच्या माणसाला नऊ दिवसांचं वाटतं. ते तसं नाही. घटस्थापनेच्या आधीच भवानी ज्योत न्यायला गावोगावची मंडळं येतात. पोरं ज्योत घेऊन रात्रभर रस्त्यानं पळत आपल्या गावाला जातात, मागं एक टेम्पो, त्याच्यावर डीजे, आणि शेजारून भरधाव ट्रक. मग नऊ दिवस. मग दसऱ्याचं सीमोल्लंघन, त्यानंतर देवीची श्रमनिद्रा, आणि कोजागरीला पौर्णिमेची वारी. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर रस्ता त्या रात्री माणसांनी भरलेला असतो. म्हातारी माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, अनवाणी पोरं. कर्नाटकातून येणारे तर त्याआधी कितीतरी दिवस चालत असतात. गाड्यांची वाहतूक दुसरीकडं वळवावी लागते. जिल्ह्यातले पोलीस, बाहेरून मागवलेले पोलीस, होमगार्ड, सगळे मिळूनही ती गर्दी हातात मावत नाही.

तिथं आमच्यासारख्यांचा उपयोग असतो, आणि खरोखर असतो. दोरी धरायची. चालणाऱ्यांना एका कडेला ठेवायचं. फोड आलेल्या पायांना तेल लावणाऱ्या स्टॉलपाशी माणसं रस्त्यात बसू द्यायची नाहीत. रांगेत चक्कर आली तर तिला बाहेर काढायचं. सगळ्यात मोठं काम हरवलेल्यांचं. आमच्या बॅचची एक मैत्रीण आहे, तिचं आजोळ आळंदचं, म्हणजे कलबुर्गीकडचं. तिला कन्नड येतं. पहिल्या वर्षी ती सहज पोलिसांच्या मंडपात माईकपाशी बसली आणि तेव्हापासून तिला कुणी तिथून उठू देत नाही. चुकलेली आजी धाय मोकलून रडायलीय, मराठीचा एक शब्द येत नाही, हवालदार बिचारा "नाव काय, गाव काय" विचारून थकलेला. ही जाते, शेजारी बसते, दोन मिनिटांत गाव, मुलाचं नाव, सगळं बाहेर. तिनं एकदाही शिट्टी वाजवली नाही की टी-शर्ट घातला नाही. साडीवर बसते. आमच्या एकतीस जणांत सगळ्यात जास्त काम तिचं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. (वाचत असशील तर रागावू नको, नाव घातलं नाही.)

२०२५ चं नवरात्र तर कुणी विसरणार नाही. २२ सप्टेंबरला घट बसले आणि त्याच दिवसांत परंडा, भूम, कळंब, वाशीकडं पाण्यानं हाहाकार केला. सीना पात्र सोडून गावात शिरली. एनडीआरएफ आलं, हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. इकडं तुळजापुरात दर्शनाची रांग, तिकडं छतावर बसलेली कुटुंबं, आणि पोलीस दल तेवढंच. आमच्यातले काही तुळजापुरात दोरीवर उभे राहिले, काही परंड्याकडं धान्य, ताडपत्र्या आणि जनावरांसाठी कडबा घेऊन गेले. तिथल्या पोलिसांनी पहिल्यांदा काय सांगितलं असेल? "गाडी इथंच थांबवा. पुढं रस्ता आहे का न्हाई ते आमालाच माहीत न्हाई." सामान उतरवून घेतलं, नाव-नंबर लिहून घेतला आणि परत पाठवलं. आमच्यातले दोघं चिडले. एवढ्या लांबून आलो आणि पूरसुद्धा बघू दिला नाही म्हणून. मला तो हवालदार शहाणा वाटला.

कारण आपल्या जिल्ह्याला याचा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, पोलीस रात्रभर बंदोबस्तात, आणि पहाटे चारच्या आत भूकंप. आम्ही सहावीत होतो. आमच्या घरांची भांडी पडली, तिकडं सास्तूर, किल्लारी भागात गावंच्या गावं गेली. त्या वेळी मदतीला धावलेल्या माणसांचे उपकार फिटणार नाहीत. पण नुसतं बघायला आलेल्यांनी रस्ते एवढे तुंबवले की अॅम्ब्युलन्स आणि मदतीच्या गाड्या अडकल्या, ही आठवण त्या पट्ट्यातली माणसं आजही काढतात. धावून जाणाऱ्याला कुठं थांबायचं ते कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं.

आता मुद्द्यावर. अमेरिकेतला आमचा वर्गमित्र टेक्सासमध्ये राहतो. आमचा टी-शर्टमधला फोटो बघून त्यानं विचारलं, "तुमचं ट्रेनिंग किती आठवड्यांचं झालं?" आम्ही हसलो. पण तो गंमत करत नव्हता. तिकडं म्हणे गावच्या पोलीस खात्याची नागरिकांसाठी शाळा असते. आठवड्यातून एक संध्याकाळ, असे दहा-बारा आठवडे. गाडी कशी थांबवतात, पंचनामा कसा होतो, फोन आला की काय लिहून घेतात, पोलिसाला काय करायचा अधिकार आहे आणि काय नाही, हे पोलीसच येऊन शिकवतात. या शाळेचं मूळ इंग्लंडमधलं. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या पोलिसांनी १९७७ मध्ये असली रात्रशाळा काढली, ती बघून अमेरिकेत १९८५ मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोनं सुरू केली आणि मग गावोगाव पसरली. जे ही शाळा पूर्ण करतात त्यांची माजी विद्यार्थी संघटना असते आणि तीच पुढं पोलिसांना मदत करते. जत्रेत पार्किंग, कार्यालयात फायली, सुट्टीवर गेलेल्यांच्या घरावर नजर, असली कामं. आमचा मित्रही तिथल्या संघटनेत आहे.

म्हणजे बघा, माजी विद्यार्थी तेही आणि माजी विद्यार्थी आम्हीही. फरक एवढाच की ते पोलिसांकडून शिकून बाहेर पडलेले, आणि आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत भूमिती शिकून बाहेर पडलेले. आम्हाला एका ठाण्यात बोलावलं, चहा दिला, टोपी आणि शिट्टी दिली, फोटो काढला. वीस मिनिटांत पोलीस मित्र तयार. तिकडचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही, तिथल्या पोलिसांच्या बातम्या आपण वाचतोच. पण हे एक घेण्यासारखं आहे.

वीस मिनिटांच्या पोलीस मित्राचं काय होतं ते मी २०२४ च्या ऑगस्टमध्ये बघितलं.

आठवतं ना, ड्रोन? धाराशिव, बीड, सगळीकडं रात्री आकाशात दिवे दिसायले म्हणून गावं जागी होती. ड्रोननं टेहळणी करून चोर येतात, असं मोबाईलवर फिरत होतं. आमच्या गावातही पाळ्या लागल्या. आमची बॅच होती, आमच्यानंतरची पोरं होती, काठ्या होत्या, बॅटऱ्या होत्या. दिवसभर रानात राबून रात्री जागलेली माणसं, डोळे तारवटलेले. एका रात्री अकराच्या सुमारास फाट्यावरून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही पळत गेलो. फाट्याजवळ एका घिसाडी कुटुंबानं पाल ठोकलं होतं. नवरा, बायको, म्हातारी, तीन लेकरं, एक जुना टेम्पो. आणि भोवती चाळीसएक माणसं. सगळ्यात पुढं जो पोरगा होता त्याच्या अंगात आमचाच टी-शर्ट. नवरात्रात आमच्यातल्या एकानं त्याला दिलेला. तो पत्र्याची पेटी उघडून बॅटरीच्या उजेडात एक-एक वस्तू बाहेर काढून लोकांना दाखवत होता. कुऱ्हाड. कोयता. विळे. पुन्हा कुऱ्हाड. प्रत्येक वस्तू वर आली की मागून आवाज वाढत होता.

घिसाड्याच्या पेटीत दुसरं काय निघणार? त्यातली एक कुऱ्हाड आमच्याच गावातल्या माणसानं सकाळी पाणी द्यायला दिलेली होती. तो माणूस त्या गर्दीत उभा होता आणि काही बोलत नव्हता.

म्हातारी मात्र बोलली. पोराच्या टी-शर्टकडं बोट करून तिनं विचारलं, "लेकरा, तू पोलीस हायेस का?" पोरगा म्हणाला, "पोलीस मित्र हाय." ती म्हणाली, "मग पोलिसाला बोलीव."

त्या गर्दीत हे एकच वाक्य कायद्याला धरून होतं. आमच्या बॅचचा एक जण, शाळेत शिक्षक आहे, पुढं जाऊन त्या पेटीवरच बसला. बसूनच त्यानं ११२ लावला आणि स्पीकर चालू ठेवला. पोलीस पाटलांना निरोप गेला, ते आले आणि शेजारी उभे राहिले. गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. ती पस्तीस मिनिटं लांब होती. कुणी म्हणत होतं दोन द्या ठेवून, कुणी व्हिडिओ काढत होतं. मास्तर उठला नाही. गाडी आली, आधार कार्डं बघितली, टेम्पोचे कागद बघितले, आणि हवालदारानं सगळ्यांना घरी जायला सांगितलं. मग त्या पोराकडं वळून म्हणाला, "टी-शर्ट काढ आन् हिकडं दे." पोरगा उघड्या अंगानं घरी गेला. सकाळी घिसाड्यांचं पाल तिथं नव्हतं. कुऱ्हाड मालकाच्या दारात ठेवून गेले होते, पाणी दिलेली. पैसे मागायलासुद्धा थांबले नाहीत.

काहीच झालं नाही, मग एवढं कशाला उगाळतोस, असं मला ग्रुपवर विचारलं. सांगतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात झालं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागायला फिरत होते. मुलं पळवणारी टोळी आलीय ही अफवा आधीच मोबाईलवर होती. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीनं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पुढं २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप लागली. पाच घरं इकडची उठली, सात तिकडची. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात लॉकडाऊनमध्ये अशाच अफवेवर दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेले. तिथं तर पोलीस समोर हजर होते. या दोन्ही ठिकाणी जमलेल्या माणसांपैकी बहुतेकांना आपण गाव राखतोय असंच वाटत असणार.

आणि आपल्या भागात राखणाऱ्याची बॅटरी पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर पडते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पारधी, घिसाडी, डवरी, वैदू. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तो भाग अजून सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. १९५२ मध्ये ३१ ऑगस्टला तो कायदा गेला. आपल्याच तालुक्यात यमगरवाडीला पारध्यांच्या लेकरांची शाळा-वसतिगृह उभं राहून तीस वर्षं होऊन गेली, तिथली पोरं शिकून नोकरीला लागली. तरी चोरीची बातमी आली की पहिलं बोट पालाकडंच जातं. टी-शर्ट नसलेला माणूस बोट दाखवून थांबतो. टी-शर्ट असलेला पेटी उघडतो.

कायदा काय म्हणतो ते मी एका वकील मित्राकडून समजून घेतलं, सोप्या भाषेत सांगतो. कुणीही साधा नागरिक दुसऱ्याला पकडू शकतो, पण कधी? त्याच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडत असेल तर, किंवा तो माणूस घोषित फरारी असेल तर. संशयावरून नाही. आणि पकडलं तर विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, जुलै २०२४ पासून लागू. झडतीचा अधिकार आपल्याला नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात विशेष पोलीस अधिकारी नेमायची सोय आहे, पण त्याला रीतसर नेमणूक आणि प्रमाणपत्र लागतं. ग्रामरक्षक दलाचीही सोय आहे. सोलापूरच्या छापखान्यात दीडशे रुपयाला छापलेला टी-शर्ट यातल्या कशातच बसत नाही.

हे पोलिसांनीच सांगायला हवं. आणि सांगायचं अजूनही बरंच आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तामलवाडीजवळ एमडी ड्रग्ज पकडलं गेलं आणि तुळजापूरचं नाव राज्यभर नको त्या कारणानं गाजलं. त्यानंतर दर चौकात एकच वाक्य ऐकू यायचं, "आमाला तर आधीच माहीत होतं." माहीत होतं तर सांगितलं का नाही? कारण सांगितल्यावर नाव बाहेर फुटेल ही भीती. पोलिसांना खरा मित्र लागतो तो इथं. शिट्टीवाला नाही, खबर देणारा. त्यानं खबर कुणाला द्यायची, कशी द्यायची, आणि त्याचं नाव गुप्त राहील याची हमी कोण देणार, हे एकदा समोरासमोर बसून ठरलं तर पन्नास टी-शर्टांपेक्षा मोठं काम होईल.

काही जणांचं म्हणणं, आपण एवढ्या अटी घातल्या तर पोलीस आपल्याला बोलावणार नाहीत. मला उलट वाटतं. त्या रात्री ३५ मिनिटांनी आलेल्या हवालदाराला आमच्या काठ्यांची मदत झाली नाही, पेटीवर बसलेल्या मास्तराची झाली. शिवाय मी नवीन काही मागत नाही. आबा गृहमंत्री असताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. सुरुवातीला समितीच्या बैठका व्हायच्या, भांडणं गावातच मिटायची. पुढं बैठका बंद पडल्या, वेशीवरची पाटी तेवढी राहिली. आमच्या गावात आजही आहे, तिच्याखाली बसून लोक भांडतात. टी-शर्टाचं तसंच होईल.

आता झालं काय ते सांगतो. परवा आम्ही चौघं ठाण्यात जाऊन साहेबांना भेटलो. दोन तास मागितले, तेही आमच्या शाळेच्या वर्गात, बाकावर बसून. साहेब आधी म्हणाले, "तुमी शिकलेली माणसं, तुमाला काय शिकवायचं?" मग ड्रोनच्या रात्रीचं सांगितलं. ते त्यांच्या आधीचं होतं, त्यांना माहीत नव्हतं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी येतो, सकाळी दहाला.

प्रश्न आम्ही लिहून काढलेत. रस्त्यात गाडी थांबवायला हात करू शकतो का? अपघातातल्या जखमीला उचलायचं की नाही, आणि उचललं तर नंतर चौकशीचा त्रास होतो का? आता गाळप सुरू होतंय, उसाच्या डबल ट्रॉल्यांना मागून रेडियम पट्टी आम्ही लावली तर चालेल का, कारखान्याची परवानगी लागेल का? रात्री अनोळखी माणूस दिसला तर त्याला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही? महिलांच्या रांगेत कुणी छेड काढली तर आधी काय करायचं? खबरीचं नाव? अजून काही सुचलं तर खाली लिहा, यादीत घालतो.

बॅचचे सगळे या. पुढच्या-मागच्या बॅचचेही या. त्या रात्रीच्या पोरालाही मी स्वतः सांगून आलोय, येतो म्हणालाय. कन्नडवाली मैत्रीण तिचा अनुभव सांगणार आहे, साहेबांनी तिलाच पहिल्यांदा बोलायला सांगितलंय. चहा आमच्याकडं. टी-शर्टाचे पैसे खजिनदाराकडं जमा आहेत, ते तूर्त तसेच राहतील.